बेस गिटारचा प्रीॲम्प्लिफायर व पॉवर ॲम्प्लिफायर यांची जोडणी : बीड जिल्ह्यातील मंचीय कार्यक्रमांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि गाळप हंगाम आटोपल्यावर मार्च-एप्रिलच्या सुमारास गावी परततात. त्यामुळे चैत्र-वैशाखात गावे माणसांनी भरलेली असतात. ग्रामदैवतांच्या यात्रा, लग्नसराई, डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीनिमित्त होणारे भीमगीतांचे कार्यक्रम या काळात एकमेकांना लागून येतात. वाद्यवृंद, बेंजो पार्ट्या आणि गायनपार्ट्या यांची वर्षाची बरीचशी कमाई या थोड्या आठवड्यांवर अवलंबून असते. भर हंगामात एखादा ॲम्प्लिफायर जळणे म्हणजे केवळ यंत्राचा बिघाड नसून दोन-चार सुपाऱ्या हातच्या जाणे होय.

या पार्ट्यांमध्ये खर्जाचे काम बहुधा कीबोर्डवादकाचा डावा हातच उरकतो. मोठ्या संचात मात्र स्वतंत्र बेस गिटार असते. अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये 'प्रिसिजन बेस' बाजारात आणल्यावर हे वाद्य जगभर पसरले आणि हिंदी चित्रपटसंगीतातही स्थिरावले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांचे बेसवादन या संदर्भात जाणकारांच्या स्मरणात आहे. गावाकडच्या वाद्यवृंदांनी हे वाद्य घेतले ते प्रामुख्याने चित्रपटगीतांच्या ओढीनेच.

वादकापुढील अडचण वेगळीच असते. बेस गिटारसाठी बनविलेला संपूर्ण ॲम्प्लिफायर जड व महाग असतो. जीपमध्ये दहा माणसे व वाद्ये कोंबून अंबाजोगाईहून पाटोद्याला जाताना त्याला जागा कोठून मिळणार? म्हणून वादक ओंजळीत मावेल एवढा प्रीॲम्प्लिफायर सोबत नेतो आणि शक्तीचे काम स्थानिक मंडपवाल्याच्या पॉवर ॲम्प्लिफायरवर सोपवितो. ही व्यवस्था शहाणपणाची आहे. मात्र दोन यंत्रे दोन वेगळ्या मालकांची, दोन वेगळ्या हेतूंनी बनलेली असल्यामुळे त्यांची सांधेजोड समजून करावी लागते. प्रस्तुत लेखात या सांधेजोडीचे विवेचन केले आहे.

दोन यंत्रांचे दोन धर्म

बेस गिटारच्या तारेखालील चुंबकीय पिकअपमध्ये निर्माण होणारा विद्युत दाब व्होल्टच्या अंशाएवढा, म्हणजे काही दशक ते काही शतक मिलिव्होल्ट असतो. शिवाय हा स्रोत 'नाजूक' असतो. त्याच्या पुढील यंत्राचा संरोध म्हणजे इम्पिडन्स पुरेसा मोठा नसेल तर संकेत तेथेच दबतो आणि प्रथम वरच्या कंप्रता नाहीशा होतात. म्हणूनच चांगल्या प्रीॲम्प्लिफायरचा आगत संरोध सुमारे १० लाख ओहम ठेवलेला असतो. मायक्रोफोनसाठी केलेल्या आगत जोडणीचा संरोध त्या मानाने फार कमी, काही हजार ओहम असतो. मंडपातील मिक्सरच्या माइकच्या छिद्रात गिटार सरळ खोचली असता आवाज 'गोधडीतून आल्यासारखा' येतो, त्याचे कारण हेच. त्यात वाद्याचा दोष नसतो.

प्रीॲम्प्लिफायरची कामे तीन : पिकअपचा दुबळा संकेत जपून घेणे, त्याचा स्वरगुण घडविणे आणि पुढील यंत्राला मानवेल अशा पातळीवर तो देणे. पॉवर ॲम्प्लिफायर स्वरगुणाशी फारसे देणेघेणे ठेवत नाही. त्याला सुमारे एक व्होल्टचा संकेत द्यावा आणि त्याने स्पीकरची जड वेटोळी हलविण्याइतका प्रवाह द्यावा, एवढाच त्याचा करार.

बेस गिटारच्या सर्वात जाड, मोकळ्या तारेची मूळ कंप्रता ४१.२ हर्ट्झ असते. पुढील तारा अनुक्रमे ५५, ७३.४ आणि ९८ हर्ट्झच्या. या कंप्रता निर्माण करण्यासाठी स्पीकरच्या पडद्याला पुष्कळ हवा ढकलावी लागते. बोलण्याच्या आवाजाला जेथे थोडी शक्ती पुरते तेथे खर्जाला कितीतरी अधिक लागते. पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा घुमार सप्ताहाच्या मंडपात हवा तसा न उमटण्यामागेही हेच कारण असते. नारायणगड किंवा गहिनीनाथगडाच्या परिसरातील कीर्तनाच्या मंडपात पखवाजाला लागणारी साखळी आणि वाद्यवृंदातील बेस गिटारला लागणारी साखळी यांत तत्त्वतः भेद नाही. एकीत मायक्रोफोन असतो, दुसरीत पिकअप.

पातळी जुळविणे

जोडणीतील बहुतेक तक्रारी पातळी न जुळल्यामुळे उद्भवतात. व्यावसायिक यंत्रांत संकेताची नाममात्र पातळी १.२३ व्होल्ट, तर घरगुती व लहान यंत्रांत ०.३१६ व्होल्ट मानली जाते. पॉवर ॲम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात 'सेन्सिटिव्हिटी' या नावाने जो आकडा दिलेला असतो तो म्हणजे पूर्ण शक्ती मिळविण्यासाठी आत द्यावा लागणारा दाब. तो कोठे ०.७७५ व्होल्ट, तर कोठे १.४ व्होल्ट असतो.

हा फरक वरवर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात तसा नाही. समजा, ४ ओहमच्या भारावर ४०० वॉट देणारा ॲम्प्लिफायर आहे व त्याची सेन्सिटिव्हिटी १.४ व्होल्ट आहे. त्याला ०.३१६ व्होल्ट देणारा लहान प्रीॲम्प्लिफायर जोडला. शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते; म्हणून स्पीकरला मिळणारी शक्ती सुमारे २० वॉट एवढीच राहील. वादक म्हणतो, 'मशीन मेलंय'. मंडपवाला म्हणतो, 'तुमच्या डबीत दम नाही'. दोघेही आपापल्या जागी अर्धे बरोबर असतात. अशा वेळी प्रीॲम्प्लिफायर व पॉवर ॲम्प्लिफायर यांच्या दरम्यान मिक्सरची एक लाइन चॅनल घालावी. तिच्या गेनने उणीव भरून निघते.

काही प्रीॲम्प्लिफायर पेडलना दोन निर्गत जोडण्या असतात. एक साधी जॅकची आणि दुसरी तीन टाचण्यांची, जिला आपल्याकडील दुकानदार 'कॅनन' म्हणतात. ही दुसरी जोडणी पुष्कळदा मिक्सरच्या माइक आगतासाठी योजलेली असते व तिची पातळी मुद्दाम कमी ठेवलेली असते. पॉवर ॲम्प्लिफायरलाही कॅननचेच छिद्र आहे, म्हणून ही जोडणी त्यात सरळ लावली की आवाज क्षीण येतो. पिन बसली म्हणजे जोडणी बरोबर झाली, ही समजूत विजेच्या कामात महाग पडते. ज्या पेडलवर 'माइक' व 'लाइन' असा खटका असेल तेथे पॉवर ॲम्प्लिफायरसाठी तो 'लाइन'कडे असावा. मिक्सरच्या माइक चॅनलला पेडल जोडायचे असल्यास ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा बंद करावा. पेडलच्या माहितीपत्रकात तो चालतो असे नमूद असेल तरच चालू ठेवावा.

मंडपात एखादा पूर्ण गिटार ॲम्प्लिफायर उपलब्ध असल्यास त्याच्या पुढील आगतात प्रीॲम्प्लिफायर लावण्याचा मोह होतो. तसे केल्याने संकेत दोन प्रीॲम्प्लिफायरमधून जातो. दोन्हींचे स्वरगुण एकावर एक चढतात आणि पहिल्याची तगडी पातळी दुसऱ्याला फाडून टाकते. अशा यंत्रामागे 'इफेक्ट रिटर्न' किंवा 'पॉवर ॲम्प इन' असे छिद्र असेल तर प्रीॲम्प्लिफायर तेथेच जोडावा. त्या वाटेने यंत्राचा स्वतःचा प्रीॲम्प्लिफायर वगळला जातो.

केबल : दिसण्यात सारख्या, कामात भिन्न

प्रीॲम्प्लिफायरपासून पॉवर ॲम्प्लिफायरपर्यंत जाणारी केबल जाळीचे आवरण असलेली असावी. संकेत लहान असतो आणि आवरणाविना तो भोवतालच्या विजेची घरघर उचलतो. याउलट, ॲम्प्लिफायरपासून स्पीकरकडे जाणाऱ्या केबलला आवरणाची गरज नसते, तांब्याच्या जाडीची असते. दोन्हींच्या टोकांना 'पी-३८' ची मोठी जॅक असू शकते व त्यामुळे अंधारात घोटाळा होतो. गिटारची बारीक केबल स्पीकरला लावल्यास ती तापते आणि तिचे आवरण वितळून तारा एकमेकींना चिकटल्यास ॲम्प्लिफायरचे निर्गत ट्रान्झिस्टर जाऊ शकतात. स्पीकरसाठी स्पीकॉन पद्धतीची पिन वापरण्याचा प्रघात पडला तो ही अदलाबदल टाळण्यासाठीच.

अंतराचा प्रश्न वेगळा पाहावा लागतो. मंचाजवळच्या ॲम्प्लिफायरपासून ३० मीटरवर ४ ओहमचा बॉक्स ठेवला व १.५ चौरस मिलिमीटरची तार वापरली, तर जाण्यायेण्याच्या ६० मीटर तांब्याचा रोध सुमारे ०.७ ओहम होतो आणि शक्तीचा साधारण १५ टक्के भाग तारेतच उष्णतेच्या रूपाने खर्च होतो. ०.७५ चौरस मिलिमीटरची घरगुती वायर वापरल्यास हे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर जाते. शिवाय तारेचा रोध वाढला की स्पीकरच्या पडद्यावरील ॲम्प्लिफायरची पकड सैल होते व खर्ज 'ढब-ढब' असा पसरट ऐकू येतो. म्हणून ॲम्प्लिफायर बॉक्सजवळ ठेवावा आणि लांबची धाव संकेताच्या संतुलित केबलला करू द्यावी. संतुलित जोडणीत पहिली टाचणी आवरणाची, दुसरी सरळ संकेताची आणि तिसरी उलट संकेताची असते. वाटेत दोन्ही तारांवर सारखीच शिरलेली घरघर आगताशी वजा होते. प्रीॲम्प्लिफायरला साधा एकतारी जॅकच असेल, तर केबल बनविताना संकेत दुसऱ्या टाचणीला आणि आवरण पहिल्या टाचणीला द्यावे व तिसरी टाचणी पहिलीशी जोडावी. तिसरी मोकळी सोडल्यास काही यंत्रांत आवाज निम्मा होतो किंवा घरघर वाढते.

भोंग्याचा ॲम्प्लिफायर आणि शंभर व्होल्टची वाट

ग्रामीण भागातील जोडणीत सर्वाधिक धोका येथे आहे, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे आवश्यक ठरते. देवळावरील किंवा सभेतील भोंग्यांसाठी बनविलेल्या ॲम्प्लिफायरच्या मागे ४, ८, १६ ओहमच्या स्क्रूंबरोबर ७० व १०० व्होल्ट असे स्क्रूही असतात. दूरवर पसरलेले अनेक भोंगे एकाच तारेवर चालावेत म्हणून दाब वाढवून प्रवाह कमी केला जातो; प्रत्येक भोंग्यापाशी बसविलेला लहान ट्रान्सफॉर्मर तो दाब पुन्हा उतरवितो. सभा-संमेलनासाठी ही व्यवस्था उत्तम आहे.

मात्र १०० व्होल्टच्या स्क्रूवर ८ ओहमचा बेसचा बॉक्स सरळ जोडला, तर हिशेब असा होतो : दाबाचा वर्ग भागिले रोध, म्हणजे १०,००० भागिले ८, म्हणजे १,२५० वॉटची मागणी. १०० वॉटच्या यंत्राला ही मागणी जवळजवळ शॉर्ट सर्किटसारखीच भासते. फ्यूज वेळेवर उडाला तर नशीब. नाही तर ट्रान्झिस्टर जातात. बॉक्स नेहमी त्याच्यावर लिहिलेल्या ओहमच्याच स्क्रूवर जोडावा.

योग्य स्क्रू निवडला तरी भोंग्यातून बेस गिटार वाजविण्याची अपेक्षा बाळगू नये. भोंग्याचे युनिट मानवी आवाजाच्या पट्ट्यासाठी घडविलेले असते, त्याखाली त्याचा आवाज झपाट्याने कोसळतो. लहान लाइन ट्रान्सफॉर्मरचा गाभाही ४०-५० हर्ट्झला संपृक्त होतो. तरीही श्रोत्याला सूर ओळखू येतो, हे नवलाचे आहे. मूळ ४१ हर्ट्झ गायब असली तरी तिची ८२, १२३ अशी उपस्वरांची पंगत शिल्लक राहते आणि मेंदू त्यावरून यजमान कोण ते ओळखतो. गाव ओळखते, पण छातीत धक्का बसत नाही.

ओहमची बेरीज

८ ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की भार ४ ओहम होतो. चार जोडले की २ ओहम. ॲम्प्लिफायरवर 'किमान ४ ओहम' असे लिहिले असेल तर तिसरा बॉक्स जोडण्यापूर्वी थांबले पाहिजे. आयोजक 'अजून एक बॉक्स लावा' असा आग्रह धरतात आणि तो जोडल्यावर थोडा वेळ आवाज खरोखर वाढतोही; उष्णतेचा परिणाम अर्ध्या तासाने दिसतो. एप्रिल-मेमध्ये बीड परिसरात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या पेटीत कोंबलेल्या आणि पंख्याची जाळी धुळीने बुजलेल्या यंत्राला थंड होण्यास वावच राहत नाही.

'ब्रिज' पद्धतीत दोन चॅनल मिळून एकच बॉक्स चालवितात. तेथे प्रत्येक चॅनलला बॉक्सचा निम्माच संरोध जाणवतो. म्हणून चॅनलला किमान ४ ओहम चालणारे यंत्र ब्रिजमध्ये किमान ८ ओहमवरच चालवावे. व्हॉल्व्हच्या यंत्रांचा नियम याच्या उलट अंगाने कडक आहे : स्पीकर न जोडता ती चालविल्यास निर्गत ट्रान्सफॉर्मर जाण्याची भीती असते.

शक्ती व आवाज यांचे नातेही समजून घेतले पाहिजे. शक्ती दुप्पट केल्यास आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. डब्यावर छापलेल्या वॉटच्या आकड्यांना मंडपव्यवसायात जो मान दिला जातो तो या दृष्टीने अवाजवी होय.

पातळी लावण्याची रीत

सर्व बटणे शून्यावर व स्वरगुणाची बटणे मध्यावर ठेवून प्रारंभ करावा. प्रथम प्रीॲम्प्लिफायर चालू करावा, थोडे थांबून पॉवर ॲम्प्लिफायर. यंत्र सुरू होताना निघणारा झटका दुसऱ्याने मोठा करून स्पीकरला देऊ नये, हा या क्रमाचा हेतू. आता पॉवर ॲम्प्लिफायर बंदच असल्यासारखा शून्यावर राहू द्यावा आणि वादकाने कार्यक्रमात जितक्या जोराने तार छेडली जाईल तितक्या जोराने छेडावी. हळू वाजवून पातळी लावणारा वादक रात्री रंगात आल्यावर स्वतःचीच पातळी मोडतो. प्रीॲम्प्लिफायरचा गेन लाल दिवा लुकलुकेपर्यंत वाढवावा व किंचित मागे घ्यावा. मास्टर मध्याच्या आसपास ठेवावे. मग पॉवर ॲम्प्लिफायरचे बटण हळूहळू चढवून मंडपाला पुरेल तेथे थांबावे.

पॉवर ॲम्प्लिफायरचे बटण शक्तीला मर्यादा घालते असा समज सर्वत्र आढळतो. वास्तविक ते आत येणारा संकेत कमी करणारे बटण आहे. ते निम्म्यावर असताना प्रीॲम्प्लिफायरने दुप्पट जोर दिला तर यंत्र पूर्ण शक्तीला पोहोचतेच. म्हणून 'अर्ध्यावरच ठेवलं होतं तरी स्पीकर गेला' या तक्रारीत आश्चर्य नाही.

स्वरगुणाचे 'बेस' बटण वापरताना संयम हवा. ६ डेसिबलची वाढ म्हणजे त्या पट्ट्यात चौपट शक्ती. १२ डेसिबल म्हणजे सोळापट. खर्ज वाढविण्याच्या भरात ॲम्प्लिफायरची मर्यादा ओलांडली जाते, तरंगांचे माथे सपाट कापले जातात आणि त्यातून निर्माण होणारी वरची कंप्रता व अखंड उष्णता स्पीकरची वेटोळी जाळते. बहुतेकदा थोडा खर्ज कमी करून २०० ते ४०० हर्ट्झच्या दरम्यानचा गढूळपणा उतरविल्यास बेस अधिक स्पष्ट ऐकू येते. ३० ते ४० हर्ट्झच्या खालचा भाग कापणारी चाळणी यंत्रात असल्यास ती अवश्य वापरावी. तो भाग ऐकू येत नाही, पण भोके ठेवलेल्या बॉक्समध्ये स्पीकरचा पडदा विनाकारण ताणत राहतो.

वीज आणि अर्थिंग

वाडीवस्तीवरील रोहित्रावर सायंकाळी भार वाढला की २३० व्होल्टचा दाब १८० पर्यंत उतरू शकतो. पारंपरिक ट्रान्सफॉर्मर असलेल्या ॲम्प्लिफायरची कमाल शक्ती तेव्हा सुमारे ६१ टक्क्यांवर येते. आवाजात हा फरक जेमतेम २ डेसिबलचा, म्हणजे कानाला सहसा न जाणवणारा. परंतु माथे कापले जाण्याची मर्यादा मात्र तेवढी खाली आलेली असते. सायंकाळी लावलेली पातळी रात्री आठ वाजता फाटू लागते ती यामुळे. याहून गंभीर म्हणजे मंडपाच्या त्रिकला पुरवठ्यातील सुटलेली न्यूट्रल. अशा वेळी एखाद्या फेजवरील दाब ४०० व्होल्टच्या दिशेने चढतो. यंत्रे जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने दाब पाहण्यास एक मिनिटही लागत नाही.

५० हर्ट्झची घरघर ऐकू आली की अर्थिंगची पिन काढून टाकण्याची पद्धत सर्रास दिसते. घरघर जाते, हे खरे. परंतु बेस गिटारच्या तारा ब्रिजमार्गे प्रीॲम्प्लिफायरच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात आणि वादकाची बोटे सतत त्यांवर असतात. वादक समोरच्या मायक्रोफोनला ओठ लावून कोरस म्हणू लागला आणि दोन यंत्रांच्या अर्थिंगमध्ये दाबाचा फरक असला, तर तो प्रवाह त्याच्या शरीरातून वाहतो. १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे 'स्टोन द क्रोज' या वाद्यवृंदाचे गिटारवादक लेस हार्वे यांचा मंचावरच अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श होऊन मृत्यू झाला. घरघरीवरचा योग्य उपाय म्हणजे मंचावरील सर्व यंत्रांना एकाच बोर्डवरून व एकाच अर्थिंगवरून वीज देणे. तरीही घरघर उरल्यास मध्ये डीआय बॉक्स घालून त्याचा 'ग्राउंड लिफ्ट' खटका वापरणे. या खटक्याने संकेताच्या केबलचे आवरण तुटते, विजेचे अर्थिंग नव्हे. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक खटका असणे हे मंडपवाल्याच्या सामानात ॲम्प्लिफायरइतकेच आवश्यक मानले जावे.

ध्वनिमर्यादा

ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागेत ध्वनिवर्धकास मनाई आहे. सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात रात्रीच्या या बंदीला भक्कम आधार दिला. खर्जाच्या बाबतीत हे नियम विशेष अर्थपूर्ण ठरतात, कारण लांब तरंग भिंती व झाडे सहज ओलांडतात. गाणे ऐकू येईनासे होते त्या वस्तीवरही बेसची धडधड पोहोचते आणि झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाला ती गाण्याहून अधिक छळते. बॉक्स गावाकडे तोंड करून न लावता श्रोत्यांकडे तोंड करून लावणे आणि त्यांची संख्या मोजकी ठेवणे एवढे तरी जोडणी करणाऱ्याच्या हातात असते.

दहा वाजता यंत्रे बंद करताना क्रम उलटा असतो. प्रथम पॉवर ॲम्प्लिफायरचे बटण शून्यावर आणून तो बंद करावा. त्याच्या संधारित्रांतील विद्युतभार उतरेपर्यंत थोडे थांबावे. त्यानंतर प्रीॲम्प्लिफायर बंद करून सर्वात शेवटी गिटारची पिन ओढावी. बॅटरीवर चालणाऱ्या सक्रिय बेस गिटारमध्ये ही पिन खोचलेली राहिली तर आतील ९ व्होल्टची बॅटरी रात्रभर खर्च होत राहते.